पॉलिसी तीन लाखांची, खिशातून गेले लाख

वाचकांचे प्रश्न : आरोग्य विमा आणि हॉस्पिटलचं बिल

या वेळी आलेल्या पत्रांचं दुखणं एकच आहे. हप्ते वेळेवर भरले, आजारपण आलं, क्लेम 'मंजूर'ही झाला, आणि तरी घरातले पैसे गेलेच. इंदूरच्या वाचकांची सहा पत्रं इथे घेतली आहेत. 'कंपनीने कापले' या दोन शब्दांवर कोणीही गप्प बसू नये, असं आमचं कळकळीचं सांगणं आहे. कोणत्या ओळीतले, कोणत्या कलमाखाली आणि किती कापले, हे लेखी मागा. ते बिलाशेजारी ठेवून वाचलं की कापलेल्या रकमेतला काही भाग नियमात बसत नाही, असं पुष्कळदा दिसून येतं.

प्रश्न : आईचं (वय ६८) मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत रॉड घातला, पाच दिवस भरती होती. पॉलिसी तीन लाखांची आहे आणि त्यात 'खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का' अशी अट आहे. दोन खाटांची खोली रिकामी नव्हती, म्हणून ५,००० रुपये रोजाची घेतली. बिल २,५३,००० झालं, कंपनीने १,४७,००० दिले. खोलीतला फरक रोजचा दोन हजार, म्हणजे पाच दिवसांचे दहा हजार. मग १,०६,००० कसे गेले? बिलाची प्रत सोबत जोडली आहे.
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : तुमचं बिल असं आहे : खोली २५,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून १,२०,०००, औषधं ४५,०००, रॉड आणि स्क्रू ३५,०००, एक्स-रे आणि रक्ततपासण्या २०,०००, हातमोजे, किट वगैरे ८,०००.

तीन लाखांचा १ टक्का म्हणजे रोजचे ३,०००. तुम्ही ५,००० ची खोली घेतलीत, म्हणजे तुमचा हक्क खोलीच्या भाड्याच्या ६० टक्के. कंपनीने हाच ६० टक्क्यांचा हिशेब बाकीच्या बिलालाही लावला. खोलीचे १५,००० दिले, उरलेल्या २,२०,००० चे ६० टक्के म्हणजे १,३२,००० दिले आणि किटचे ८,००० पूर्ण सोडले. बेरीज बरोबर १,४७,००० येते. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. खोलीचा दर्जा वाढला की बहुतेक हॉस्पिटलं सर्जनची फी, थिएटरचं भाडं, डॉक्टरांच्या भेटी हे सगळं त्या खोलीच्या दराने लावतात, त्यामुळे कंपनी तेवढाच हिस्सा मानते. इथवर ते नियमाला धरून आहे.

चूक पुढे आहे. ही प्रमाणात कापणी फक्त 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस' या गटाला लावायची असते. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० साली या संज्ञेची व्याख्या ठरवून दिली आणि औषधं व वापराच्या वस्तू, इम्प्लांट व उपकरणं, आणि तपासण्या हे तीन खर्च त्यातून बाहेर ठेवले. गोळीची किंवा रॉडची किंमत खोलीवर ठरत नाही, हे साधं कारण. तुमच्या बाबतीत औषधं, रॉड आणि तपासण्या मिळून एक लाख होतात. त्यावर ४० टक्के, म्हणजे ४०,००० रुपये, कापायला नको होते. योग्य रक्कम अशी : खोली १५,०००, डॉक्टर आणि थिएटर ७२,०००, औषधं ४५,०००, रॉड ३५,०००, तपासण्या २०,०००, एकूण १,८७,०००.

आता करायचं काय? पॉलिसीच्या पुस्तिकेत व्याख्यांच्या भागात ती संज्ञा शोधा आणि त्या पानाची प्रत काढा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. लांबलचक कैफियत नको, एवढं पुरे : 'क्लेम क्रमांक अमुक. औषधं ४५,०००, इम्प्लांट ३५,००० आणि तपासण्या २०,००० यांवर खोलीभाड्याच्या प्रमाणात कपात केली आहे. पॉलिसीतील व्याख्येनुसार हे तीन खर्च असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेसमध्ये येत नाहीत. कापलेले ४०,००० रुपये द्यावेत किंवा कोणत्या कलमाने कापले ते लेखी कळवावं.' सोबत बिल, कंपनीची सेटलमेंट शीट आणि ते पान जोडा.

हॉस्पिटलच्या बिलिंग खिडकीवर आणखी एक गोष्ट विचारा : सर्जनची फी आणि थिएटरचं भाडं सगळ्या खोल्यांना सारखंच आहे का? लहान हॉस्पिटलांमध्ये पुष्कळदा तसं असतं. जिथे खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे ही कापणी लावताच येत नाही. हॉस्पिटलने लेटरहेडवर तसं लिहून दिलं तर डॉक्टर आणि थिएटरच्या आकारातून कापलेले ४८,०००ही मागता येतील. आयसीयूच्या खर्चालाही ही प्रमाणातली कापणी लागू नाही. आयसीयूच्या भाड्याला वेगळी मर्यादा असेल तर तेवढीच बघायची.

पुढच्या वेळेसाठी. 'खोली तीन हजारांची' असं काउंटरवर सांगतात तेव्हा ते बहुधा नुसतं भाडं असतं. अनेक पॉलिसींमध्ये खोलीभाड्याच्या मर्यादेत नर्सिंगही मोजलं जातं. भाडं ३,०००, नर्सिंग ७०० आणि वर ड्यूटी डॉक्टरचे (आरएमओ) ५०० असतील, तर तुमची खोली ४,२०० ची झाली आणि कापणी सुरू झाली. म्हणून 'नर्सिंग आणि आरएमओ धरून रोजचे किती?' असंच विचारायचं. आयसीयू सोडून रोजचं भाडं ५,००० च्या वर गेलं की खोलीवर ५ टक्के जीएसटीही लागतो. शिवाय १ टक्का हा मूळ विमा रकमेवर धरतात. क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या बोनसने रक्कम साडेचार लाख झाली तरी बहुतेक पॉलिसींमध्ये मर्यादा तीन हजारच राहते. हक्काची खोली रिकामी नसेल तर हॉस्पिटलकडून तसं तारीख-वेळेसह लिहून घ्या आणि ती रिकामी होताच हलवायला सांगा. कंपनीवर तो कागद मानायची सक्ती नाही, पण तक्रारीच्या वेळी तो हाताशी असलेला बरा.

हे कलम तुमच्या पॉलिसीत असेल तर आमचं मत सरळ आहे : विमा रक्कम वाढवण्याच्या आधी खोलीभाड्याची मर्यादा काढून टाका. त्यासाठी पॉलिसी बदलावी लागली तर नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा (दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा) अर्ज करा. प्रतीक्षाकाळाचे (काही आजारांचे क्लेम सुरुवातीला मिळत नाहीत तो काळ) पूर्ण केलेले महिने सोबत येतात.

प्रश्न : वडिलांना न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी सकाळी १० वाजता 'घरी न्या' सांगितलं. प्रत्यक्ष बाहेर पडायला रात्रीचे ९ वाजले. हॉस्पिटल म्हणे, कंपनीचा मेल आला नाही. वर एका दिवसाचं भाडं जास्त लावलं. हे भाडं आम्ही का भरायचं?
– एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे भरतीच्या वेळी कॅशलेसची (बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला देण्याची) परवानगी अर्ज मिळाल्यापासून १ तासात आणि घरी सोडतानाची शेवटची परवानगी ३ तासांत द्यायची असते. तीन तासांच्या पुढे गेलं आणि त्यापायी हॉस्पिटलने जादा आकार लावला, तर तो विमा कंपनीने सोसायचा आहे.

पण तीन तास मोजायचे ते हॉस्पिटलचा अर्ज कंपनीकडे पोहोचल्यापासून, डॉक्टरांनी 'घरी जा' म्हटल्यापासून नव्हे. वेळ बहुतेक करून त्याआधीच जातो. वॉर्डमधून न वापरलेली औषधं मेडिकलला परत जायची असतात, लॅबचा एखादा रिपोर्ट लटकलेला असतो, डिस्चार्ज समरी टाइप व्हायची असते, मग बिल 'फायनल' होतं, आणि शेवटी टीपीए डेस्क (हॉस्पिटलमधली विम्याचं काम बघणारी खिडकी) कागद अपलोड करतो. एखाद्या रिपोर्टवर सही नसली की कंपनी विचारणा पाठवते आणि डेस्कवरच्या माणसाची जेवणाची सुट्टी आडवी येते.

म्हणून आदल्या संध्याकाळीच सिस्टरला सांगून औषधं परत करायला लावा, समरीचा मसुदा तयार ठेवायला सांगा, राहिलेले रिपोर्ट मागून घ्या. दुसऱ्या दिवशी टीपीए डेस्कवर एकच प्रश्न : 'फाइल किती वाजता गेली?' त्या वेळेचा स्क्रीनशॉट किंवा कंपनीचा एसएमएस जपून ठेवा. तुमच्या बाबतीत फाइल संध्याकाळी ६ नंतर गेली असेल, तर उशीर हॉस्पिटलचा आहे. जादा दिवसाचं भाडं त्यांच्या बिलिंग मॅनेजरकडून कमी करून घ्या. दुपारी १२ ला गेली असेल आणि परवानगी रात्री आली असेल, तर कंपनीकडे मागा. दोन्हीकडे वेळेचा पुरावा लागेल, तोंडी सांगून भागत नाही.

एक गैरसमज दूर करू. पहिली परवानगी ४०,००० ची आली म्हणजे तेवढेच मिळणार, असं नसतं. ती सुरुवातीची रक्कम आहे. उपचार वाढले की हॉस्पिटलने वाढीव परवानगी मागायची असते, आणि ती मागितली का हे रोज विचारावं लागतं. तसंच कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असंही नाही. बिल भरून, मूळ कागद घेऊन, नंतर परताव्याचा क्लेम लावता येतो. भरतीच्या वेळी दिलेल्या अनामत रकमेची पावती मात्र सांभाळा. अंतिम परवानगी आली की ती रक्कम वळती होते किंवा परत मिळते, आणि गडबडीत ती मागायची राहून जाते.

प्रश्न : १,६०,००० च्या बिलात १९,५०० 'नॉन-पेएबल' म्हणून आमच्याकडून घेतले. त्यात बायोमेडिकल, ॲडमिशन चार्ज, कापूस, मास्क, 'ओटी किट' असं काय काय होतं. हे सगळं आम्हीच द्यायचं का?
– एक गृहिणी, टिळकनगर

उत्तर : सगळं नाही. पॉलिसीच्या शेवटी बारीक अक्षरांत चार याद्या असतात, त्या कोणी वाचत नाही आणि पैसे तिथेच जातात.

पहिल्या यादीत ६८ वस्तू आहेत. हातमोजे, मास्क, डायपर, क्रेप बँडेज, नेब्युलायझर किट, ईसीजीचे इलेक्ट्रोड, थर्मामीटर, गळपट्टा, कमरेचा पट्टा, रुग्णाच्या जेवणाव्यतिरिक्तचं खाणं, झेरॉक्स, खासगी नर्स. हे साध्या पॉलिसीत मिळत नाही. यांच्यासाठी 'कन्झ्युमेबल्स कव्हर' नावाची जोड घेता येते. मधुमेह, डायलिसिस किंवा वारंवार भरतीची शक्यता असलेल्या घरात ती घ्यावी असं आम्ही सुचवू.

बाकीच्या तीन याद्या वेगळ्या आहेत. दुसरीतल्या वस्तू खोलीभाड्यात, तिसरीतल्या ऑपरेशनच्या आकारात आणि चौथीतल्या उपचाराच्या खर्चात आधीच धरलेल्या असतात. रुग्णाच्या हातातला नावाचा पट्टा, फाइल उघडण्याचा आकार, डिस्चार्जची प्रक्रिया, हाउसकीपिंग, एसी, गाउन, पल्स ऑक्सिमीटर हे खोलीत. कापूस, गॉझ, चिकटपट्टी, ब्लेड, एक्स-रेची फिल्म हे ऑपरेशनमध्ये. नोंदणी किंवा ॲडमिशन चार्ज, स्पिरिट, लघवीची पिशवी, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या हे उपचारात. कंपनी हे वेगळं देत नाही, कारण ते मुख्य आकारात येऊन गेलेलं असतं. मग हॉस्पिटलने तेच पुन्हा वेगळं लावून तुमच्याकडून घेणं म्हणजे एका वस्तूचे दोनदा पैसे.

बिलिंग खिडकीवर भांडू नका. याद्यांची प्रत पुढे ठेवा आणि म्हणा, 'या ओळी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या यादीत आहेत, पॅकेजमध्ये घ्या.' नेटवर्कमधल्या हॉस्पिटलचा कंपनीशी दरकरार असतो. त्यात हे धरलेलं असेल तर तुमच्याकडून वेगळं घेता येत नाही, आणि कंपनीच्या हेल्पलाइनवर हॉस्पिटलचं नाव देऊन तक्रार केली की पुष्कळदा तिथेच रक्कम कमी होते.

'ओटी किट ६,५००' अशी एकगठ्ठा ओळ कधीच मान्य करू नका. तपशील नसलेलं कोणतंही किट पहिल्या यादीत जातं आणि सरसकट नाकारलं जातं. मेडिकलकडून किटमधल्या वस्तूंचं सुटं बिल घ्या. त्यातले टाके, कॅथेटर, सलाइनचे सेट हे मिळण्याजोगे असतात. सहा हजारांतले चार तरी यातून सुटतात.

प्रश्न : पॉलिसी सहा वर्षं एकही खंड न पडता चालू आहे. अँजिओप्लास्टीचा २,४०,००० चा क्लेम 'रक्तदाब आधीपासून होता, लपवला' म्हणून नाकारला. बीपीची गोळी मला तीन वर्षांपूर्वी सुरू झाली. हॉस्पिटलच्या कागदावर 'एचटीएन (म्हणजे उच्च रक्तदाब), दहा वर्षं' असं लिहिलं आहे, हे मला नंतर कळलं.
– एक निवृत्त कर्मचारी, रामबाग

उत्तर : तुमची बाजू भक्कम आहे, आणि तीही दोन कारणांनी.

पहिलं कारण सहा वर्षांचं. एप्रिल २०२४ पासून आरोग्य विम्यातला मोरेटोरियमचा (ज्यानंतर जुन्या माहितीवरून क्लेम अडवता येत नाही तो) काळ ९६ महिन्यांवरून ६० महिन्यांवर आणला आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणाने कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. हेतुपुरस्सर फसवणूक सिद्ध केली तरच. तुमचे ७२ महिने झाले. मध्ये विमा रक्कम वाढवली असेल, तर वाढवलेल्या भागाचे ६० महिने त्या तारखेपासून वेगळे मोजतात. पोर्ट केलं असेल तर जुन्या कंपनीतले महिनेही धरले जातात.

दुसरं कारण त्या 'दहा वर्षं'चं. छातीत दुखणाऱ्या माणसाला स्ट्रेचरवर घेतात तेव्हा ड्यूटीवरचा डॉक्टर शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकाला विचारतो, 'बीपी कधीपासून?' घाबरलेला माणूस 'बरीच वर्षं झाली' म्हणतो आणि कागदावर दहा उमटतात. नंतर सगळी फाइल त्या एका ओळीवर चालते. यावर उतारा म्हणजे जुनी चिठ्ठी. गोळी पहिल्यांदा ज्या डॉक्टरांनी लिहिली त्यांच्याकडून तारखेसह प्रमाणपत्र घ्या, त्या वेळचं प्रिस्क्रिप्शन किंवा मेडिकलचं बिल शोधा, त्याआधीच्या एखाद्या तपासणीत बीपी नॉर्मल असल्याचा कागद असेल तर सोन्याहून पिवळं. मग हॉस्पिटलच्या कार्डिओलॉजिस्टना ते दाखवून दुरुस्तीपत्र मागा. खरं आहे तेवढंच लिहून घ्या. फिरवलेल्या तारखेचा कागद पकडला गेला तर मोरेटोरियमचं संरक्षणही जातं.

भरतीतल्या केसपेपरच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. त्यांत स्टेंटचं स्टिकर आणि खरेदीचं बिल असल्याची खात्री करा. फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी कमाल मर्यादा आहे आणि स्टिकरवरचा बॅच क्रमांक बिलाशी जुळला नाही की नवा फाटा फुटतो.

आता पायऱ्या. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, आणि दोन गोष्टी मागा : नकार कोणत्या कलमाखाली आहे, आणि कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीने त्याला मंजुरी दिली का. २०२४ च्या नियमांप्रमाणे या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. उत्तरासाठी १४ दिवसांची मुदत आहे. समाधान झालं नाही तर आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे निवाडा होत नाही, पण नोंद होते आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं.

खरी दाद विमा लोकपालाकडे. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन किंवा टपालाने देता येते, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर जाता येतं, मात्र नकाराच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत. तेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. त्याची मुदत दोन वर्षांची आहे.

सुनावणीला तीनच कागद वर ठेवा : पहिल्या वर्षाचा प्रपोजल फॉर्म (विमा घेताना भरलेला अर्ज), सहाही वर्षांची शेड्यूलची (पॉलिसीच्या तपशिलाची) पानं, आणि गोळी सुरू केल्याची चिठ्ठी.

प्रश्न : गुडघ्याचं ऑपरेशन मुलाकडे पुण्यात करायचं आहे. आमची पॉलिसी इंदूरची, आणि मुलाच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतही आम्ही दोघं आहोत. कोणती वापरावी?
– एक वाचक, परदेशीपुरा

उत्तर : आधी तुमच्या पॉलिसीत 'झोन' हा शब्द शोधा. इंदूरचा हप्ता मुंबई-पुण्यापेक्षा कमी असतो, म्हणून काही पॉलिसींमध्ये वरच्या झोनच्या शहरात उपचार घेतले तर १० ते २० टक्के तुम्ही भरायचे असतात. साडेतीन लाखांच्या बिलावर २० टक्के म्हणजे ७०,०००. वयामुळे लागणारं को-पेमेंट (बिलातला तुम्ही भरायचा ठरलेला हिस्सा) असेल तर तेही वेगळं.

म्हणून आधी ग्रुप पॉलिसी. तिच्यात सहसा प्रतीक्षाकाळ नसतो आणि तुमच्या स्वतःच्या पॉलिसीचा बोनसही शाबूत राहतो. पण ग्रुप पॉलिसीत आईवडिलांसाठी गुडघ्याची वेगळी मर्यादा असू शकते. मुलाला एचआरकडून ती लेखी घ्यायला सांगा. उरलेली रक्कम इंदूरच्या पॉलिसीतून मागता येते. त्यासाठी भरतीआधीच दोन्ही कंपन्यांना कळवा, हॉस्पिटलकडून सगळ्या कागदांचा दुसरा संच शिक्क्यासह करून घ्या, आणि पहिल्या कंपनीचं सेटलमेंट पत्र जोडा. दुसऱ्या कंपनीला उशिरा कळवलं हे नकाराचं नेहमीचं कारण आहे.

गुडघ्याच्या इम्प्लांटचे दरही ऑगस्ट २०१७ पासून नियंत्रित आहेत. अंदाजपत्रकात इम्प्लांटची कंपनी, प्रकार आणि किंमत स्वतंत्र ओळीत लिहून मागा. निवडलेलं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये नसेल तरी जानेवारी २०२४ पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर'ची सोय आहे. ठरलेल्या ऑपरेशनसाठी कंपनीला ४८ तास आधी कळवावं लागतं.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या. खासगी पॉलिसी आहे, तर आयुष्मान कार्ड मिळेल का? आणि घरी आल्यानंतरच्या औषधांचा खर्च कशातून निघतो?
– एक वाचक, स्नेहलतागंज

उत्तर : मिळेल. आयुष्मान वय वंदना कार्ड ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही मिळतं. उत्पन्नाची अट नाही आणि खासगी पॉलिसी असली तरी अडत नाही. वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, घरात दोन ज्येष्ठ असतील तर दोघांत मिळून. आधार कार्डावरची जन्मतारीख धरतात, म्हणून ती चुकीची असेल तर आधी तेच दुरुस्त करा. कार्ड आजारी पडायच्या आधी काढून ठेवा. योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्येच चालतं. कोणत्या आजारासाठी कोणतं हॉस्पिटल ते १४५५५ वर विचारा. पॅकेजमध्ये औषधं, तपासण्या, जेवण सगळं येतं, वरून पैसे मागितले तर त्याच क्रमांकावर कळवा. भरती होतानाच ठरवा, हे कार्ड की खासगी पॉलिसी. अर्ध्यावर बदललं की दोन्हीकडचे कागद बिघडतात.

खासगी पॉलिसी वापरली तर भरतीआधीचे साधारण ३० आणि नंतरचे ६० दिवस (काहींत ६० आणि ९०) त्याच आजाराची औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी आणि लिहून दिलेली फिजिओथेरपी मिळते. कॅशलेस झालं की काम संपलं असं समजून बहुतेक घरं हा क्लेम लावतच नाहीत. हाडाच्या किंवा हृदयाच्या आजारात ही रक्कम सहज पंचवीस-तीस हजारांची होते.

दवा बाजारातून स्वस्त औषधं आणायला काहीच हरकत नाही, जनऔषधी केंद्रातूनही आणा. फक्त पक्कं बिल घ्या : रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि दुकानाचा परवाना क्रमांक. चिठ्ठीवर लिहिलेला आकडा चालत नाही. प्रत्येक बिलाला त्या तारखेचं किंवा आधीचं प्रिस्क्रिप्शन लागतं. डिस्चार्ज कार्डावर 'पाच दिवस' लिहिलेल्या गोळीचं महिन्याभराचं बिल कापलं जाईल, म्हणून फेरतपासणीला गेल्यावर डॉक्टरांकडून मुदत वाढवून लिहून घ्या. तपासणीच्या पावतीसोबत रिपोर्टही जोडा. साठ दिवस संपले की सगळं एकदम, एकाच फॉर्मवर, मूळ क्लेमचा क्रमांक लिहून पाठवा. कागद देण्याची मुदत बहुधा त्यानंतर १५ दिवसांची असते, ती पॉलिसीत पाहून कॅलेंडरवर खूण करून ठेवा.